प्रश्नालाही पाळीत जागा हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील नोकरीच्या जाहिराती मी निवृत्त असूनही जुन्या सवयीने वाचतो. पूर्वी या जाहिरातींत उमेदवार मेहनती, प्रामाणिक आणि अनुभवी असावा एवढीच अपेक्षा असे. अलीकडे त्यांच्या जोडीला ‘जिज्ञासू वृत्ती’ हीही अट दिसू लागली आहे. आपल्या बडोद्याच्या मकरपुऱ्यातील यंत्रभागांचा लहानसा कारखाना असो की नंदेसरीतील रसायनांचा मोठा प्रकल्प, सर्वांना नवे शिकण्याची ओढ असलेला आणि प्रश्न विचारणारा माणूस हवा आहे. ही मागणी रास्तच आहे. मात्र तिच्यामागे अशी समजूत दिसते, की जिज्ञासा उमेदवाराने दुपारच्या डब्यासारखी घरून आणायची आणि मालकाने ती आणली आहे की नाही एवढेच मुलाखतीत तपासायचे. कामावर रुजू झाल्यानंतर त्या जिज्ञासेचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. माझे आयुष्य बडोद्याच्या आसपासच्या रसायन कारखान्यांत, उत्पादन विभागात गेले. नवा मुलगा प्रश्न घेऊनच दारातून आत येतो आणि वर्ष-दीड वर्षात ते विचारणे सोडून देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तो का सोडतो याची कारणे गूढ नाहीत, आणि बहुतेक कारणे कारखान्याला दूर करता येण्याजोगी आहेत, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो तेथे गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाणी, ओढणारे दोन पंप शेजारी शेजारी होते. एक चालू, एक राखीव. दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच वेळी बसवलेले. त्यांपैकी ‘ए’ पंपाचे मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी गळती अडवणारा भाग, वर्ष वर्ष टिके, आणि ‘बी’ पंपाचे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी गळू लागे. फिटर येई, सील बदली आणि कामाच्या कागदावर ‘सील बदलले, पंप चालू’ असे लिहून जाई. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता, की स्टोअरमध्ये त्या पंपासाठी जास्तीची सीले मागवून ठेवलेली असत. आयटीआयमधून शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलाने फिटरला विचारले, की दोन्ही पंप सारखे असताना हाच का गळतो? ‘आ पंप ज एवो छे, भाई’, म्हणजे हा पंपच तसा आहे, असे उत्तर मिळाले. मुलाने तेच सुपरवायझरला विचारले, तेव्हा त्याला नटबोल्टचे पाने पुसून जागेवर ठेवायला सांगण्यात आले. मग त्याने देखभाल विभागाच्या अभियंत्याला विचारले. उत्तर आपल्याला ठाऊक नाही हे चारचौघांत सांगायला न लाजणारा तो गृहस्थ होता, हे त्या मुलाचे आणि कारखान्याचेही नशीब.

पुढच्या वेळी सील गळले तेव्हा त्या अभियंत्याने पंप लगेच उघडू दिला नाही. आधी पाइप दोन्हीकडून बंद करून रिकामा केला, थंड होऊ दिला, आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्याचे, बोल्ट एकेक करून सैल करायला सांगितले. शेवटचा बोल्ट निघताच पाइप खाली आला आणि किंचित बाजूलाही सरकला. समोरासमोर असायला हवीत ती बोल्टची भोके अर्धी झाकली गेली. पाइपाच्या कडेकडेने मागे जाऊन पाहिले, तर त्याखालच्या लोखंडी टेकूचा पाया पावसाळ्यात खचलेला होता आणि टेकूचे डोके पाइपाला लागतच नव्हते. मधून पुठ्ठ्याचा तुकडा सहज आरपार जात होता. पाण्याने भरलेल्या त्या पाइपाचे सगळे ओझे पंपाच्या तोंडावर येत होते. त्याने पंपाचे घर कणभर ओढले जाई, शाफ्टची, म्हणजे फिरत्या दांड्याची, रेषा बिघडे, आणि सीलच्या ज्या दोन गुळगुळीत चकत्यांनी एकमेकींवर सपाट फिरायचे त्या तिरक्या घासल्या जात. टेकूखाली काँक्रीट भरले, पाइप सरळ करून घेतला, आणि त्यानंतर ‘बी’ पंप ‘ए’ पंपासारखाच टिकू लागला.

त्या मुलाचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण त्याच्याआधी हा प्रश्न कोणाच्या मनात आलाच नसेल, असे मला वाटत नाही. फिटर अनाडी नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मुठीला कान लावायचा आणि आतली गोळी खरवडली आहे की नुसते ग्रीस संपले आहे, हे आवाजावरून सांगायचे, ही विद्या त्याला येत होती. इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या माणसाला ‘बी’ पंपाचे वागणे खटकले नसेल का? खटकले असणारच. परंतु त्याच्या कामाचे मोजमाप सील किती लवकर बदलले यावर होत असे. ते का गळले हे शोधण्यात घालवलेला वेळ त्याच्या नावावर उशीर म्हणून लागला असता. पाइप सोडून पाहायचा तर अर्धी पाळी राखीव पंपाविना चालवावी लागणार होती, आणि ती परवानगी उत्पादन व्यवस्थापकाच्या हातात होती. जिज्ञासा मुलाची होती, पण तिला लागणारा अर्धा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता. कामाच्या ठिकाणच्या जिज्ञासेविषयी बोलताना हा दुसरा भाग हमखास गाळला जातो. मला याच भागाविषयी लिहायचे आहे.

जपानमधील टोयोटा कारखान्यात ताईइची ओनो यांनी रूढ केलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत आता आपल्याकडच्याही कारखान्यांत पोहोचली आहे. ओनो यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडले, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला तेल पुरेसे पोहोचत नव्हते आणि यंत्रावर ताण आला. तेल पोहोचत नव्हते, कारण तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. तो ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. आणि शाफ्ट झिजला, कारण पंपाला गाळणी बसवलेली नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून माणूस मोकळा झाला असता, तर महिन्याभराने तेच यंत्र पुन्हा बंद पडले असते. आपल्याकडे या रीतीचा छापील तक्ता झाला. मी पाहिलेल्या अशा तक्त्यांपैकी बऱ्याच तक्त्यांत पाचव्या ओळीत ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहिलेले असे आणि उपायाच्या रकान्यात ‘प्रशिक्षण देण्यात आले’. पाचवे उत्तर आधी ठरवून वरच्या चार ओळी भरलेल्या असत, हे वाचणाऱ्यालाही कळे आणि लिहिणाऱ्यालाही. चौकशीचा शेवट आपल्या मानेवर येणार हे एकदा ठाऊक झाले, की पहिला ‘का’ विचारण्याची बुद्धी कोणा कामगाराला होईल?

याच्या नेमकी उलट गोष्ट आपल्या रोजच्या वापरातल्या एका पदार्थाच्या जन्माशी जोडलेली आहे. नळाच्या आट्यांवर प्लंबर पांढरी पट्टी गुंडाळतो, ती टेफ्लॉनची. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकासाठी नवा वायू बनवण्याच्या खटपटीत होता. त्याने आणि त्याचा मदतनीस जॅक रेबोक याने टेट्राफ्लुरोएथिलीन वायूने भरून ठेवलेल्या लहान सिलिंडरची तोटी उघडली, तर वायू येईना. सिलिंडर रिकामा झाला असे समजून तो बाजूला टाकणे, ही अगदी स्वाभाविक गोष्ट होती. त्यांनी तो तोलून पाहिला. वजन भरलेल्या सिलिंडरचे भरले. तोटी अडकली असेल म्हणून तारेने साफ करून पाहिली, आणि तरीही काही येईना, तेव्हा त्यांनी तो सिलिंडर चक्क करवतीने कापला. आत मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी निघाली. वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन त्याचे घन झाले होते, आणि आज आमच्या रसायन कारखान्यांतील कित्येक गॅस्केट, व्हॉल्व्हच्या बैठका आणि नळ्यांची अस्तरे त्याच घन पदार्थाची असतात. या हकिकतीत लोक प्लंकेटच्या नशिबाकडे पाहतात. मी सिलिंडर कापण्याच्या मुभेकडे पाहतो. आमच्याकडे भांडारातून घेतलेली वस्तू कापायची म्हटली असती, तर आधी मोडीत काढण्याचा प्रस्ताव, मग तीन सह्या, आणि तोवर तो सिलिंडर भरून आणायला रवानाही झाला असता.

आता यावर अनुभवी लोकांकडून एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. रसायन कारखाना म्हणजे काही शाळेची प्रयोगशाळा नव्हे. ज्याला त्याला तोट्या फिरवून पाहू दिल्या तर जिवावर बेतेल. खरे आहे. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात जो स्फोट झाला, त्यात २८ माणसे मेली. तेथे कॅप्रोलॅक्टमसाठी, म्हणजे नायलॉनच्या कच्च्या मालासाठी, सायक्लोहेक्झेनवर प्रक्रिया होत असे. कॅप्रोलॅक्टम आपल्या बडोद्यातही बनते, म्हणून येथील जुन्या अभियंत्यांना ही दुर्घटना तोंडपाठ असते. एकापुढे एक असे सहा रिअ‍ॅक्टर होते. त्यांपैकी पाचव्याला मार्चअखेर तडा गेलेला आढळला. तो काढून घेतला आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथा व सहावा रिअ‍ॅक्टर २० इंच व्यासाच्या वाकड्या पाइपाने जोडण्यात आला. त्या जोडणीचे चित्र कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढले होते. आतल्या दाबाखाली तो वाकडा पाइप कसा वागेल याचे गणित कोणी केले नाही, कारण ते करू शकणाऱ्या अभियंत्याची जागा तेव्हा रिकामी होती. दोन महिने सगळे सुरळीत चालले आणि एका शनिवारी तो पाइप निखळला.

या घटनेचा दाखला देऊन ‘बघा, हात शिवशिवणाऱ्यांचा हा परिणाम’ असे कोणी म्हणाले, तर मला ते पटणार नाही. ज्यांनी पाइप जोडला ते जिज्ञासेने झपाटलेले नव्हते, ते घाईत होते. पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा का गेला, आणि तसाच तडा उरलेल्या पाचांत नाही ना, हे नीट तपासून मगच प्रकल्प सुरू करावा, एवढी जिज्ञासासुद्धा त्या घाईत उरली नव्हती. हाताची उत्सुकता आणि प्रश्नाची उत्सुकता यांत फरक केला पाहिजे. पहिलीला परवाना-पद्धतीचा लगाम हवाच. विनापरवाना एक बोल्टही सैल करू नये, या मताचा मी आहे. दुसरीला मात्र लगाम घातल्याने कोणताही कारखाना सुरक्षित झालेला नाही.

किंबहुना प्रश्न विचारण्याला शिस्त लावता येते, हे रसायन उद्योगाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात घडलेली आणि आज ‘हॅझॉप’ या नावाने आमच्या धंद्यात घरोघरी झालेली पद्धत मुळात तेवढीच आहे. चार-सहा माणसे प्रकल्पाचा आराखडा टेबलावर पसरून बसतात, एकेका पाइपावर बोट ठेवतात आणि ठरलेले शब्द घेऊन विचारत जातात. येथला प्रवाह थांबला तर? वाढला तर? कमी झाला तर? उलटा फिरला तर? याच्याबरोबर दुसरेच काही आले तर? दाबाविषयी तेच, तापमानाविषयी तेच, पातळीविषयी तेच. लहान मूल आईला ज्या चिकाटीने विचारते, त्या चिकाटीने पगारी माणसांनी दिवस दिवस विचारत बसायचे, आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवायचे. बाहेरच्याला हे कंटाळवाणे वाटेल, आणि खरोखर काही दुपारी ते कंटाळवाणे होतेही. पण अशा बैठकीत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. पाइप उलटा वाहिला तर काय होईल, याचे पुस्तकी उत्तर अभियंता देई, आणि कोपऱ्यात बसलेला जुना ऑपरेटर हळूच म्हणे, की साहेब, तो दोनदा उलटा वाहिलेला आहे, रात्रपाळीत. मग ते आजवर सांगितले का नाही? कोणी विचारले नव्हते.

भोपाळचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही, आणि माझ्या पिढीच्या कोणाही रसायन कर्मचाऱ्याला ते टाळावेसे वाटत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री पाळी बदलण्याच्या आधी ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब दर चौरस इंचाला २ पौंड नोंदला गेला होता. नवी पाळी आल्यावर, ११ च्या सुमारास, तो १० पौंड दिसला. हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून कोणी दचकले नाही. तासाभराच्या आत दाब पाचपट का व्हावा, हा प्रश्न त्या घटकेला उठला नाही. शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळणारी ज्योत नादुरुस्त होती, आणि अशा कारखान्यातील मापकांच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांचाच विश्वास उरलेला नव्हता. एका ऑपरेटरच्या जिज्ञासेने ते सारे टळले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल; जे खालच्यांकडून अपेक्षिले त्याहून कितीतरी मोठे दुर्लक्ष वर झालेले होते. परंतु आकडा मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहायला शिकवलेल्या माणसाला, तो आकडा कोठून कोठे आला हे पाहण्याची सवय लागत नाही, ही गोष्ट त्या नोंदीतून स्वच्छ दिसते. आजही कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला, की हात आधी तो गप्प करण्याच्या बटणाकडे जातो.

या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांविषयी वेगळे प्रकरण आले, सुरक्षा समितीत कामगारांना स्थान मिळाले, धोका नजीक आला आहे असे सकारण वाटल्यास वरिष्ठांना आणि निरीक्षकाला तसे कळवण्याचा हक्क मिळाला, आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा अधिकारही मिळाला. कायदा यापुढे जाऊ शकत नाही. भीती वाटली तर बोलायचा हक्क तो देतो. नुसतेच नवल वाटले तर बोलायची सोय मात्र कारखान्यालाच करावी लागते, आणि बहुतेक वेळा भीती वाटण्याजोगे काही घडण्याआधी नवल वाटण्याजोगे बरेच काही घडून गेलेले असते.

बडोदेकरांना हे सांगताना मला थोडा संकोचही वाटतो, कारण या शहराची घडण याच विचारातून झाली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायचे ते मातृभाषेतून, असा गज्जर यांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाने आपला प्रश्न आपल्या भाषेत विचारावा आणि रसायनशास्त्राने त्याला त्याच भाषेत उत्तर द्यावे, हा त्याचा अर्थ. याच संस्थेत धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रणासह अनेक विद्यांचे धडे गिरवले. गज्जर स्वतः कसे होते हे सांगणारी एक गोष्ट मराठी वाचकांना विशेष रुचावी. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले, आणि ते डाग काढताना भले भले थकले. अखेर ते काढले गज्जर यांनी. चापेकरांची बाजू घ्यावी की डाग काढणाऱ्याची, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी संगमरवराला इजा न करता डांबर कसे निघेल, या कोड्याने त्या रसायनशास्त्रज्ञाला पछाडले असणार, हे आम्हा धंद्यातल्यांना सांगावे लागत नाही. त्यांच्याच प्रेरणेने त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेंबिकचा कारखाना उभारला, आणि पुढच्या बडोद्याची रसायननगरी म्हणून असलेली ओळख तेथून सुरू झाली.

ग्रंथालयांचेही तेच. १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. पण वाचायला आलेला माणूस वाचायला काही मिळाले नाही तर चार वर्षांत अक्षरे विसरतो, हे ओळखून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. जिज्ञासा प्रजेची, पण पेटी पोहोचवण्याचे काम सरकारचे, अशी ती वाटणी होती. आजच्या कारखान्यांत यंत्राची माहितीपुस्तिका कोठे असते? व्यवस्थापकाच्या केबिनमधील काचेच्या कपाटात, किल्लीबंद, आणि इंग्रजीत. रात्री दोन वाजता ज्याला तिची गरज असते तो गुजराती, हिंदी किंवा मराठी वाचणारा असतो, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो झोपलेला असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी गज्जरांना जे कळले होते ते आपण मागे टाकले, याचे मला खरोखर दुःख होते.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हेही नोंदवतो. आमच्या काळी गोल कागदावर शाईची लेखणी फिरत असे आणि चोवीस तासांचा दाब एका नजरेत दिसे, याचे गोडवे माझे समवयस्क गातात. परंतु आजच्या संगणकीय नियंत्रणात महिनोन् महिन्यांच्या नोंदी साठलेल्या असतात. दोन बटणे दाबली तर ‘ए’ आणि ‘बी’ पंपांचे वर्षभराचे वागणे एकाखाली एक दिसेल. आम्हाला असे साधन मिळाले असते तर आम्ही हरखून गेलो असतो. साधन आहे, पण ते उघडून पाहण्याचा वेळ कोणाच्याही कामाच्या यादीत धरलेला नाही. कचेऱ्यांची स्थितीही फारशी वेगळी नसावी. एकाच अर्जाच्या तीन प्रती का लागतात, असे विचारणाऱ्या नव्या कारकुनाला कोणते उत्तर मिळते, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ताडावे.

तेव्हा जाहिरातीत जिज्ञासू माणूस मागणाऱ्या कारखानदारांकडे माझे मागणे साधे आणि खर्चाच्या भाषेतले आहे. सर्वांत आधी पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची पंधरा मिनिटे एकमेकांवर यावीत आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार द्यावा. आज बहुतेक ठिकाणी जाणारा बसच्या घाईत असतो, येणारा हजेरीच्या रांगेत, आणि ‘सगळे ओके’ या दोन शब्दांवर टाक्या, दाब आणि तापमाने एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात. ‘ओके नाही असे काही नाही, पण तीन नंबरची पातळी आज हट्टी वागतेय’ हे वाक्य बोलायला आणि त्यावर ‘म्हणजे कशी?’ असे विचारायला वेळ लागतो, आणि तो फुकट मागणे बरे नव्हे. शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे. १९६१ च्या कायद्याने त्यांना शिकवण्यासाठी घ्यायचे असते. स्वस्तातले हात म्हणून घेतलेल्या मुलाकडून प्रश्नांची अपेक्षा करता येत नाही. आराखड्यांच्या प्रती आणि निदान महत्त्वाच्या सूचनांचे भाषांतर कंट्रोल रूमच्या टेबलावर उघडे असावे, याला तर भाषांतरकाराच्या मजुरीपलीकडे खर्च नाही.

लहान कारखान्यांना हॅझॉप परवडत नाही, हे मला मान्य आहे. वीस माणसांच्या कारखान्यात तो करायला बाहेरचे तज्ज्ञ आणणे मालकाला झेपणार नाही. पण फाटकाजवळच्या टेबलावर एक वही ठेवता येते. तीत कोणीही, हेल्परसुद्धा, आपल्या भाषेत प्रश्न लिहावा. शेजारी तारीख असावी, पुढे उत्तर आणि उत्तर देणाऱ्याची सही असावी. उत्तर ठाऊक नसेल तर तसे लिहून, ते कोण शोधणार आणि त्याला किती दिवस देणार, हेही लिहावे. प्रश्न कोणी विचारला यावरून त्याची बढती अडणार नाही, हे मालकाने तोंडी नव्हे तर पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे. आपल्या वाचकांपैकी कोणा कारखानदाराने अशी वही ठेवून पाहिली असेल, तर तीत कोणते प्रश्न आले आणि त्यांतील कोणते अद्याप अनुत्तरित आहेत, हे आपल्या या सदरातून वाचायला मला मनापासून आवडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त उत्पादन अभियंता
मांजलपूर, वडोदरा